गुरुवारचं भांडण

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी फोन आपटते, त्यामुळे गेल्या दोन महिन्यांत आपल्या दोघींचं मिळून एक वाक्य धड पूर्ण झालेलं नाही. पत्रात तरी तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल. लोकांना गाडी शिकवताना तुझ्या पायाखाली तो जास्तीचा ब्रेक असतो ना, तो तू बहिणीशी बोलतानाही सोबत आणतेस. इथे तो चालणार नाही.

तर ऐक. मी ते औषध बंद करतेय.

सगळ्यांनी मला काय सांगितलं होतं? की रोगाशी लढायला रक्तात जे लागतं ते माझ्या शरीराला बनवता येत नाही, ते दर आठवड्याला बाहेरून घालावं लागेल, पण आता त्यासाठी हॉस्पिटलची पायरी चढायला नको. घरच्या घरी, आरामात. 'आरामात' हा शब्द तुझा होता, मी विसरलेले नाही. तुझा आराम कसा असतो ते सांगते. गुरुवारी संध्याकाळी थिएटरच्या कपडेपटातून घरी यायचं, बाटली फ्रिजबाहेर काढायची, पंपाला नळी जोडायची आणि पोटात दोन सुया टोचून घ्यायच्या. दिवसभर सुई माझ्या हातात असते, गुरुवारी मी सुईच्या हातात. सुया निघाल्या की पोटावर अर्ध्या लिंबाएवढ्या दोन गाठी. लाल, गरम, आणि खाज अशी की शिवणाची कात्री घ्यावीशी वाटते. हे मी सोसलं असतं. पण शुक्रवारी सकाळी डोकं उठतं. कुणीतरी आत बसून कवटीला टाके घालतंय आणि दर टाक्याला दोरा ओढून बघतंय असं वाटतं. उजेड सहन होत नाही. नाटकाला प्रकाश देणारा माझा नवरा शुक्रवारी पडदे ओढून अंधारात भाजी चिरतो. मागच्या खेपेला त्याने बोट कापून घेतलं.

औषध देणाऱ्यांच्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, हे सामान्य आहे. पाणी पुरेसं पिता ना, असंही विचारलं. पिते म्हटलं. कोण पीत नाही पाणी? त्यावर तिने पुन्हा एकदा सामान्य आहे म्हणून सांगितलं आणि मला शुभेच्छा दिल्या. ताई, आठवड्यातले दोन दिवस मी आडवी असते, आणि नवं नाटक पुढच्या महिन्यात उभं राहायचंय. राजाच्या दरबारातली सगळी माणसं अजून बनियनवर फिरताहेत. शुक्रवार-शनिवार कापून काढले तर ती तशीच रंगमंचावर जातील.

तेव्हा निर्णय झालेला आहे. तुला कळवतेय, विचारत नाहीये.

लोभ आहेच, त्यात उपदेशाची भर घालू नये.

तुझी,
ठिणगी


९ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद रिवाज म्हणून लिहिलेत. मनातून आत्ता एकही निघत नाहीये.

तुझं पत्र दोन शिकवण्यांच्या मधे गाडीतच वाचलं. पुढची शिकाऊ बाई येऊन शेजारी बसली तरी मला कळलं नाही. तिने आपण होऊन गाडी सुरू केली आणि थेट फुटपाथवर चढवली. याचा दोष मी तुला देते.

कळवतेय म्हणे! मागच्या वर्षी तुझी दोन्ही फुप्फुसं भरली होती. तू शुद्धीत नव्हतीस, तुला काय आठवणार? मला आठवतं. हॉस्पिटलच्या बोळात तुझा नवरा तुझ्या चपला हातात धरून उभा होता. खाली ठेव म्हटलं तरी ठेवेना, कारण ठेवल्या तर त्या घालणारं माणूस परत येणार नाही असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हे औषध आता सुटता कामा नये, पुढच्या खेपेला ही हाताला लागेलच असं नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तू घाबरशील असं वाटलं. आता घाबर. माझी पूर्ण परवानगी आहे.

दरबारी बनियनवर गेले तर लोक हसतील आणि घरी जातील. त्याने कुणी मरत नाही.

आणि डोकं म्हणशील, तर डोकं माझंही दुखतं बाई. दिवसभर नवशिके लोक माझ्या कानाशी गिअर खरडत असतात. म्हणून मी गाडीवरून उतरून घरी बसले का? एखादी गोळी घेते आणि पुढचा माणूस बसवते. तूही जरा दात आवळून सोस. गुरुवारी सुई लावलीस की नाही ते उलट टपाली कळव, नाहीतर मी स्वतः येऊन टोचीन.

रागावलेल्या माणसाकडे जितकं प्रेम शिल्लक असतं तितकं धाडते.

तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डोक्याची आणि माझ्या डोक्याची बरोबरी लावू नकोस. पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या ध्यानात राहील: बरोबरी लावू नकोस. मी दात आवळले नसतील असं तुला वाटलं? आवळून आवळून झिजले. एखादी गोळी घेते म्हणे! जशी काही गोळी नावाची वस्तू तूच शोधून काढलीस आणि मला अजून पत्ताच नाही. औषधाने मला त्रास होतो याचा राग एकवेळ मी गिळीन, पण तो होत नाही असं माझ्या सख्ख्या बहिणीने मला समजावून सांगावं याने माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दोन गुरुवार सुई लावलेली नाही. आता बसली असशील तर ऐक: मला झकास वाटतंय. शुक्रवारी मी पडदे उघडले, नवऱ्याला उजेडात भाजी चिरायला लावली आणि त्याच दिवशी सेनापतीचा झगा बेतून टाकला. नवऱ्याचा मात्र विश्वास बसत नाही. माझ्याकडे असा बघतो जसा एखादा दिवा फडफडायला लागला की बघतो.

काम जोरात आहे. काल राजा, म्हणजे राजाचं काम करणारा नट, हातात सरबताचा पेला घेऊन माप द्यायला कपडेपटात शिरला. मी त्याला पेल्यासकट उंबऱ्याबाहेर काढला. माझा नियम तुला माहीत आहे, एकदा ऐन प्रयोगाच्या दिवशी कुणाच्या तरी हातून रेशमावर पेला लवंडला, तेव्हापासून पाण्याचा थेंब उंबऱ्याच्या आत येत नाही, मग तो आणणारा राजा असो की थिएटरचा मॅनेजर. माझ्या हाताखालच्या तिघीही सकाळी आत शिरल्या की संध्याकाळपर्यंत कोरड्या. राजेसाहेब रुसले आणि त्यांनी पेला जिन्यात बसून संपवला.

थोडा खोकला झालाय. कापडाची धूळ आहे, दुसरं काही नाही. लगेच गाडी काढू नकोस. तू यायचं नाहीयेस. मी दार उघडणार नाही.

लोभ राहू दे, पण हाताच्या अंतरावर.

तुझी,
ठिणगी


२ एप्रिल

चि. ठिणगीस,
अ. उ. आ. या वेळचे मनापासून आहेत.

दार तू उघडलं नाहीस हे खरं. तुला अंथरुणातून उठताच येत नव्हतं. तुझ्या नवऱ्याने उघडलं, आणि मला बघून तो जिन्यातच खाली बसला. तुझं अंग भट्टीसारखं तापलं होतं आणि तरी तू उशीतून कापडाच्या धुळीबद्दल बोलत होतीस. वेळेत डॉक्टर गाठले, या वेळी फुप्फुसाचा कोपराच धरला होता, जीव भांड्यात पडला. त्यावर मी तुझ्या घरी राहून इतकं ओरडले आहे की पुन्हा लिहीत नाही. जे तोंडावर बोलता आलं नाही तेवढंच लिहिते.

त्या गुरुवारी तू पुन्हा सुया लावून घेतल्यास. मी बघत होते म्हणून लावल्यास, हे मला ठाऊक आहे. शुक्रवारी सकाळी तू मला न्हाणीघरात सापडलीस, फरशीवर कपाळ टेकून, कारण घरात तेवढीच गार जागा होती. मी शेजारी बसले. तू म्हणालीस, बोलू नकोस, आवाज आत टोचतो. मी बोलले नाही. माझ्यासारखी बाई एवढा वेळ गप्प बसली याचं श्रेय तुझ्या डोकेदुखीला. तिथे बसल्या बसल्या मला माझीच ती गोळीची आणि गिअरची ओळ आठवली आणि लाज वाटली. ती ओळ खोडून टाक. तुझं खरं आहे, आणि ते भयंकर आहे.

आता दुसरी गोष्ट. निघायच्या दिवशी मी तुझ्याबरोबर कपडेपटात येऊन बसले होते. माझी पाण्याची बाटली तू उंबऱ्यावरच काढून घेतलीस, सख्ख्या बहिणीची! दिवसभर मी तुमची गंमत बघितली. सकाळी कपभर चहा घेऊन तू आत शिरलीस आणि दिवे लागेपर्यंत ओठाला काही लावलं नाहीस. दुपारी जेवलीस तेही मापाची फीत गळ्यात ठेवून, उंबऱ्यावर उभ्यानेच, कोरडं. बायकांची संडास-मोरी दोन मजले खाली, म्हणून तुमच्यातली कुणी तहान लागली असं म्हणतच नाही. म्हणायची सवयच मोडली आहे तुमची.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं फुटायला आलं. थांब्यावर उतरून दोन पेले पाणी प्यायले आणि पुढच्या थांब्यापर्यंत दुखणं निम्मं उतरलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि बाई, मला इतका राग आला! अगं, नर्सने तुला विचारलं होतं. तू पिते म्हणालीस! कुठे पितेस? कधी पितेस? मला तर सुया न लावता एकच दिवस कोरडं बसणं सोसलं नाही, आणि तू दिवसभर वाळवंट होऊन येतेस आणि त्यात ते औषध ओततेस. आणि त्या नर्सचाही राग आला, की तिने एक शब्द ऐकला आणि शुभेच्छा देऊन मोकळी झाली. तुझा दिवस कसा जातो हे विचारायला तिचं काय जात होतं?

मी डॉक्टर नाही. याने सगळं थांबेल असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि आता तुझ्या दुखण्याबद्दल मी छातीठोक काही बोलणारही नाही. पण त्यांना जाऊन खरं सांग. नुसतं 'पिते' सांगू नकोस, उंबऱ्याचं सांग, मोरीचं सांग. तिथे असतानाच बोलले असते तर तू मला इस्त्री फेकून मारली असतीस, म्हणून टपालाने पाठवतेय.

मला तू हवी आहेस. याहून नीट मला लिहिता येत नाही.

माया पूर्वीइतकीच आहे, आता जरा भित्री झाली आहे.

तुझी,
ताई


३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी ते चुरगाळून कपडेपटातल्या चिंध्यांत टाकलं. कुणी कधी पाणी प्यावं हे आता ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईने सांगावं! मग मी ते परत शोधून काढलं, इस्त्री केली आणि डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्यांनी वाचलं. उंबऱ्याचा भाग दोनदा वाचला. म्हणाले की पाणी हे एक कारण दिसतं, सगळं कारण नव्हे. आदल्या दिवसापासून भरपूर प्यायचं, पंप हळू करायचा, सुयांच्या जागा बदलायच्या, आणि पुन्हा असा त्रास झाला तर औषध परस्पर बंद न करता त्यांच्या दारात येऊन भांडायचं. भांडायला परवानगी मिळाल्यावर मला तो माणूस पहिल्यांदा बरा वाटला.

आता हिशेब देते. डोकं अजून दुखतं, पण शुक्रवारी दुपारपर्यंत निघून जातं. शनिवार माझा मला मिळाला. गाठी आहेत तशाच. दमणूक आहे तशीच. हे जन्मभर आहे, ताई, आणि त्याचा मला रोज राग येतो. कुणी हसून आता बरं आहे ना असं विचारलं की तळपायाची आग मस्तकात जाते. बरं नाहीये. चाललंय.

नियम मोडलेला नाही, हे आधी सांगते. उंबऱ्याच्या आत अजूनही थेंब येत नाही. उंबऱ्याबाहेर बाक टाकलाय आणि त्यावर मोठा तांब्या ठेवलाय. पहिल्या दिवशी राजेसाहेब येऊन तिथे मांडी ठोकून बसले आणि माझ्या नावाने त्यांनी पेला उंचावला. गंमत म्हणजे माझ्या हाताखालच्या तिघी आता बोलायला लागल्या, की त्यांचंही डोकं रोज संध्याकाळी धरायचं, पण मला सांगायची टाप नव्हती. हे ऐकून मला जो राग आला तो कुणावर काढायचा हे कळेना. मग मॅनेजरवर काढला. आमच्याच मजल्यावरची मोरी वर्षानुवर्षं मोडक्या सिंहासनांनी भरून कुलूपबंद होती. मी कुलुपापाशी खुर्ची टाकून बसले आणि सांगितलं की ही उघडेपर्यंत राणीला कपडे मिळणार नाहीत. दुपारी उघडली. नाटक लागलं, दरबारात एकही बनियन दिसलं नाही.

आता एक काम आहे तुझ्याकडे. पंप हळू केल्यामुळे गुरुवारची संध्याकाळ लांबली आहे. नवरा प्रयोगाला जातो. शिवायला हात स्थिर राहत नाहीत, वाचायला मन लागत नाही, आणि एकटी बसले की नळीकडे बघून मला पुन्हा वाटायला लागतं की उपटून फेकावी. मागच्या गुरुवारी हात तिथपर्यंत गेला होता. हे मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा गुरुवारी दिवे लागले की फोन कर. धीर देऊ नकोस, मी शूर आहे वगैरे म्हणू नकोस, हवापाण्याचं विचारू नकोस. भांडायला ये. विषय तू निवड, तुझ्याकडे तोटा नाही. हवा तितका ब्रेक दाब. एकच अट आहे, सुया निघेपर्यंत दोघींपैकी कुणी फोन ठेवायचा नाही. मी आपटणार नाही. वचन देते.

लोभ मी धरूनच चालते. राग मात्र दर गुरुवारी आठवणीने करावा, ही विनंती.

तुझीच,
ठिणगी