खाजनवाडा वगळण्यात येईल

१२ जुलै, शनिवार

घर मिळालं, आणि इतकं छान मिळालं की आईनं सामान सोडायच्या आधी अंगणात तीन फेऱ्या मारल्या. आमोण्याचा पूल उतरला की नदीच्या कडेनं बांधावरची वाट लागते. दहा मिनिटं चाललं की खाजनवाडा. एकवीस घरं, देवाची एक घुमटी, चहूबाजूंनी भाताची खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. आमच्या खोलीच्या मोठ्या जनेलातून मांडवी दिसते. खिडकीला इथं जनेल म्हणतात, हे आज शिकले.

घरमालकीण विनोदिनीबाय एकट्याच राहतात. आल्या आल्या त्यांनी चहा आणि गरम उंडे पुढे केले. हे गोल पाव पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत दारात आणतो. आईला भाकरीशिवाय काही चालत नाही, तरी दोन खाल्ले.

बाबा गेल्यापासून गडहिंग्लजच्या घरात आई दिवसदिवस बोलत नसे. आज संध्याकाळभर विनोदिनीबायंशी बोलत होती. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळतं, पण हसू दोघींना एकाच वेळी येतं. आईला इथं आणलं ते बरं केलं.

१५ जुलै, मंगळवार

काल पर्वरीला रुजू झाले. विधानसभेच्या अधिवेशनात येणाऱ्या इंग्रजी विधेयकांचं मराठी करायचं, सहा महिन्यांचा करार. आमच्या कक्षाचे प्रमुख गोकुळदास सुर्ल्याचे, निवृत्तीला चार महिने राहिलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अधिवेशनाचा सगळा प्रवास समजावून सांगितला: विधेयक मांडलं जातं, मग एकेक खंड विचाराला येतो, सभापती विचारतात, बाजूचे सदस्य होय म्हणतात, विरोधातले नाही म्हणतात, आणि खंड संमत होतो. त्यांचं म्हणणं, आपलं काम स्वल्पविरामापुरतं.

विनोदिनीबायंनी भाडेकरूचा फॉर्म पोलीस ठाण्यात दिला. आईची नोंद झाली: हौसा, राहणार खाजनवाडा. माझी राहिली, कारण मला कार्यालयाचा दाखला लागतो.

१८ जुलै, शुक्रवार

आज हाती आलेलं विधेयक विचित्र आहे. ग्रामवस्ती अनुसूची सुधारणा, क्रमांक तेवीस. दोनच पानं. उद्देश व कारणे या मथळ्याखाली काहीच नाही. कुठल्या खात्याचं, तेही नाही. मूळ अनुसूचीतली एक नोंद वगळायची आहे, आणि ती नोंद म्हणजे आमचा खाजनवाडा.

खंड दोननं नाव वगळण्यात येईल. खंड तीननं वाटा. खंड चारनं घरं. खंड पाचनं रहिवासी.

गोकुळदासांना विचारलं की रहिवासी वगळणं म्हणजे काय, मतदार यादीतून की आणखी कशातून? त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "असला विधेयक दर पाच-सात वर्सांनी एक येता, बाय. आपण फकत सही करूची."

नवी नोकरी आहे. मी 'भाषांतर तपासले' असं लिहून सही केली.

२१ जुलै, सोमवार

अधिवेशन सुरू झालं. आमच्या कक्षात भिंतीवर टीव्ही आहे, सभागृहाचं कामकाज त्यावर दिसतं. दुपारी क्रमांक तेवीस मांडलं गेलं. मांडायला कोण उभं राहिलं, ते खांबाआड होतं. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

घरी विनोदिनीबायंना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, कागदावर काय ता येता नि जाता, आमचो वाडो पोर्तुगेजांका पुरून उरलो. आई त्यांच्याकडून सोलकढी शिकत होती. मलाही हसू आलं.

२२ जुलै, मंगळवार

खंड दोन संमत झाला. सगळं मिळून अर्धं मिनिट.

संध्याकाळी बसमध्ये खाजनवाड्याचं तिकीट मागितलं. कंडक्टर रोजचाच, पण त्यानं असा वाडा ऐकला नव्हता. चेष्टा वाटली. पुलावर उतरले तेव्हा तिथला हिरवा फलक कोरा होता. रंग उडालेला नव्हता, तिथं कधी काही लिहिलेलंच नव्हतं. पुलाशी मासे विकणाऱ्या शांताबाईंना विचारलं. त्या शनिवारी आमच्याच अंगणात बसून गेल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, कुठला वाडा?

वाडा मात्र जागेवर होता. दिवे लागलेले, आई दारात उभी. मी म्हटलं, आई, उद्या सकाळच्या गाडीनं गडहिंग्लजला जाऊ. तिला विनोदिनीबायंबरोबर लोणचं घालायचं होतं. रविवारी जाऊ म्हणाली.

मी हट्ट धरला नाही.

२३ जुलै, बुधवार

खंड तीन दुपारी बाराला संमत झाला. मी तशीच उठून निघाले.

बांधावरची वाट नाही. पुलापासून नदीकाठ सरळ जातो. जिथं वळण होतं, तिथं नुसतं पाणी आणि पाण्यापलीकडे धुकं. तासभर काठानं चालत राहिले. दरवेळी परत पुलापाशीच येते. चप्पल काढून पाण्यात उतरले, गळ्यापर्यंत गेले. पाय टेकत होते, पुढेही जात होते, आणि वर आले ती शांताबाईंच्या टोपलीशेजारी. त्यांनी मला तोंड पुसायला पदर दिला आणि कुणाला शोधतेस म्हणून विचारलं.

आईचा फोन लागतो. तीच एक गोष्ट उरली आहे. आई म्हणते, पोदेर आला नाही, दूध आलं नाही. धाकू नावाचे शेजारी सकाळी पुलाकडे गेले आणि पाच मिनिटांनी मागच्या दारानं परत आले. पुन्हा गेले, पुन्हा मागच्या दारानं आले. आता ते अंगणात बसून आहेत.

आई घाबरलेली नाही. मला जेवून घे म्हणाली.

मी पर्वरीला कक्षातल्याच समीक्षाच्या खोलीवर आले आहे. फोन बंद करणार नाही.

२४ जुलै, गुरुवार. सकाळ

गोकुळदासांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. सोळा वर्षांपूर्वी त्यांनीही असंच एक तपासलं होतं. तेव्हापासून त्यांच्या घरात बाईचं एक लुगडं आहे. ते त्यांच्या बायकोचं नाही, बहिणीचं नाही. कुणाचं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही. बायको दरवर्षी ते धुऊन ठेवते. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते का वाहतं, हे त्यांनाच कळत नव्हतं.

मी म्हटलं, मराठी प्रतीत मी 'वगळण्यात येणार नाही' असं करते. त्यांनी मान हलवली. वाद आला तर इंग्रजी पाठच ग्राह्य धरतात. एकच उपाय आहे. खंड पुकारल्यावर सभागृहातल्या एका सदस्यानं 'नाही' म्हणायला हवं. एका आवाजानं थांबेल? त्यांना माहीत नाही. आजवर कुणी म्हटलेलंच नाही.

दुपारी

हे लिहून ठेवलंच पाहिजे.

साडेबाराला फोन तुटला. माझ्या फोनची बॅटरी संपली होती. मी तो चार्जिंगला लावला आणि कँटीनमध्ये गेले. मासळीची थाळी घेतली, समीक्षाशी पावसाबद्दल बोलले. छान भूक लागली होती. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. तिनं सहज विचारलं, घरी कोण असतं? मी म्हटलं, कुणी नाही, एकटीच.

परत आले तेव्हा फोन वाजत होता. 'आई'. मला क्षणभर कळेना, हा नंबर या नावानं कुणी भरला.

वीस मिनिटं. वीस मिनिटं मला आई नव्हती.

आता फोन कानापासून हलवणार नाही. तिचा आवाज चालू आहे तोवर मला ती आहे.

चार वाजता

खंड चार आत्ताच — टीव्हीवर ऐकलं. होय म्हणणारे आठ-दहा जण. बाकीचे फोनमध्ये.

आई बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "पोरी, भिंत न्हाई गं." कुठली भिंत? कुठलीच नाही. जनेल नाही, छप्पर नाही. विनोदिनीबायंनी तिचा हात धरला आहे. धाकू आहेत, बाकीची माणसं आहेत, सगळी उभी आहेत. कशावर उभी आहेत ते सांगता येत नाही म्हणते. पाऊस लागत नाही. वाराही नाही. आता वीज नाही, म्हणजे तिचा फोनही —

तिला म्हटलं, बोलू नकोस, नुसता चालू ठेव. श्वास ऐकू येऊ दे.

सहा वाजता

आमदार भेटले. आमच्याच भागातले. सभागृहाबाहेर त्यांना अडवलं. शिपाई मला ओढत होते. वाड्याचं नाव सांगितलं, त्यांना आठवेना. निवडणुकीत तिथं आला होतात, विनोदिनीबायंकडे चहा घेतला होता, त्याच सांगायच्या, असं म्हटलं, तरी आठवेना. मग मी फोन त्यांच्या कानाला लावला.

आई काय बोलली मला ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा बदलत गेला. त्यांनी फोन परत दिला. त्यांनी माझं पेन मागितलं आणि तळहातावर लिहिलं: खंड ५ – नाही. म्हणाले, "उद्या मी उभो रवतलंय. आवशीक सांग."

आईला सांगितलं. तिनं ते सगळ्यांना सांगितलं. पलीकडे कुणीतरी देवाचं नाव घेतलं. बरीच माणसं एकदम रडायला लागली.

२५ जुलै, शुक्रवार. सकाळ

झोपले नाही. रात्रभर दोघींनी एकमेकींची नावं घेतली. ती योगिता म्हणायची, मी आई म्हणायची.

आवाज बारीक झालाय. तिचा फोन मधूनच टुंई करतो, बॅटरी संपत आल्यासारखा.

अकरा

कामकाज पत्रिकेत तिसऱ्या क्रमांकावर. आमदार जागेवर आहेत. सकाळी आवारात भेटले, पुन्हा आईचा आवाज ऐकवला, मान हलवली. तळहात दाखवला. अक्षरं होती.

गोकुळदास माझ्याशेजारी बसलेत. त्यांनी आज कामकाज पत्रिकेच्या मराठी प्रतीवर सही करायला नकार दिला. नोकरीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

पावणेबारा

आई म्हणते, माणसं कमी वाटतात. मोजायला सांगितलं. मोजता येत नाही म्हणते, शेवटचा आकडा हातातून सुटतो. विनोदिनीबाय आहेत का? आहेत. हात आहे. हात तरी आहे.

आई, मला माफ कर. मंगळवारी मी तुला —

ती म्हणते, लोणच्याचं ध्यान ठेव, पोरी. मीठ कमी पडलंय.

बारा

दुसरं विधेयक संपलं. आता आमचं.

खंड पाच पुकारला.

आमदार उभे राहिले. उभे राहिले! सभापती त्यांच्याकडे बघतात. सगळे बघतात. ते तळहाताकडे बघतात —

फोन टुंई करतो. आई बोल. बोलत राहा.

ते तळहात बघताहेत. उलटा करून. जवळ नेऊन. खिशातून रुमाल काढला. शाई पुसतात. शाईचा डाग पडलाय, असं शेजारच्याला दाखवतात. सभापतींनी विचारलं, सदस्यांना काही म्हणायचं आहे का?

ते हसले. म्हणाले, नाही, काही नाही.

बसले.

नाही म्हणाले तर! गोकुळदास, ते नाही म्हणाले ना? ते धरत नाहीत का? तेव्हा अजून मत विचारलं नव्हतं — गोकुळदास तोंड झाकून —

सभापती विचारतात. बाजूचे — होय. होय. विरोधातले —

कुणी नाही. कुणीच —

मी ओरडले. इथल्या इथं. टीव्हीला. नाही नाही नाही नाही. समीक्षा धावत आली, कुणाला ओरडतेस विचारते.

संमत.

फोन चालू आहे. अजून चालू आहे. आई म्हणते विनोदिनीबायंचा हात आत्ता होता. आत्ता होता. योगिता, अंधार न्हाई, उजेड बी न्हाई. योगिता. योगिता.

लिहून ठेवते. लिहिलं की राहील. नाव हौसा. ती उंच नाही. हनुवटीवर उजवीकडे गोंदण. भाकरी थापताना बांगड्या वर सारते. मला योगू म्हणते, फक्त ताप आला की. ती माझी

ती माझी

साडेबारा

समीक्षानं पाणी आणून दिलं. मला कसला तरी झटका आला होता म्हणतात. आता बरं आहे. गोकुळदास खिडकीशी पाठ करून उभे आहेत.

टेबलावर फोन चालूच राहिलाय. पलीकडे कुणी म्हातारी बाई आहे. फार लांबून बोलते. माझं नाव तिला कसं ठाऊक, कळत नाही. चुकीचा नंबर असावा, पण ठेववत नाही. आमच्याकडचीच बोली आहे. योगू म्हणते.

मी अदबीनं विचारलं, आपण कोण?

पलीकडे टुंई झालं. मग ती म्हणाली, मी ह—