एका शब्दाचे दळण

२ डिसेंबर, सकाळी ९.१०
एक कोडे अनेकांना पडले असेल. मिक्सरवर ग्राइंडर लिहिलेले असते. पुण्याहून आमची सत्यशीला फोनवर म्हणते, पप्पा, तोच डेली ग्राइंड. आणि अखंड घोकणाऱ्या विद्यार्थ्यालाही इंग्रजीत ग्राइंडच म्हणतात. एकच शब्द यंत्राला, नोकरीला आणि माणसाला कसा पुरतो? पस्तीस वर्षे इंग्रजी शिकवल्यावर याचा पद्धतशीर उलगडा करणे मी कर्तव्य मानतो. संकल्प : विद्यार्थ्यांसाठी संपूर्ण नोंद, आठ दिवसांत.
सौ. रत्नमालेचा खांदा धरला आहे. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितले. यापुढे दळणाचा डबा मी नेईन, असा तिला शब्द दिला. गिरणी कोपऱ्यावरच आहे.

४ डिसेंबर
अर्थ पहिला : दळणे. दोन कठीण पृष्ठभाग आणि मध्ये कोणीतरी सापडलेले. बाकीचे सर्व अर्थ येथूनच फुटतात. मराठीतही आपण ‘तेच ते दळण’ म्हणतो, हे सुचल्याचा आनंद दिवसभर पुरला. रत्नमाला म्हणाली, पीठ आजच्यापुरतंच हाय. उद्या नेतो म्हणालो.

५ डिसेंबर
नेता आले नाही. विचारांची साखळी तुटली असती. संध्याकाळी पोळ्या होत्या, म्हणजे पीठ होते. तिचा अंदाज चुकला असावा.

९ डिसेंबर
रत्नमालेच्या दाढा दुखतात म्हणून दंतवैद्याकडे. ते म्हणाले, ग्राइंडिंग आहे, बाई झोपेत दात खातात. मला टाळी वाजवावीशी वाटली. अर्थ चौथा, आपल्या पायांनी चालत आलेला. घरात काही टेन्शन, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, नाय, टेन्शन कशाचं, हे घरीच असतात की. डॉक्टर का हसले, कळले नाही.
परतताना हर्सूलच्या घरापर्यंत रिक्षात तिला व्युत्पत्ती समजावली. ती बाहेर पाहत होती. लक्षपूर्वक ऐकताना ती तशीच बसते.

१२ डिसेंबर
तिचा हात वर जात नाही. डबा कोणी नेला होता, असे विचारल्यावर म्हणाली, डब्याला पाय फुटले व्हते. विनोदबुद्धी शाबूत आहे. संकल्प : उद्यापासून दळण मीच नेणार. मात्र उद्या ‘कंटाळवाणे कष्ट’ हा अवघड अर्थ हाती घ्यायचा आहे. परवापासून.

१५ डिसेंबर
तिचा भाऊ खंडेराव वैजापूरहून गाडी घेऊन आला. चार दिवस जाऊन येते म्हणाली. पिशवी मोठी होती. दारात म्हणाली, तुमचा शब्द पुरा झाला की फोन करा. नोंदीची तिला इतकी काळजी असेल, असे वाटले नव्हते.

२३ डिसेंबर
नोंद पूर्ण. सात अर्थ. तातडीने फोन केला. खंडेरावांनी उचलला. मी म्हणालो, तिला सांगा, शब्द पुरा झाला. मागून तिचा आवाज आला. खंडेराव म्हणाले, दाजी, अक्का इचारती, कोणता? मी म्हणालो, ग्राइंड. फोन बंद झाला. तिकडे रेंज नसावी.

२७ डिसेंबर, सकाळी १०.४०
डबा घेऊन निघालो. दोन मजल्यांत तीन वेळा खाली टेकवला. गिरणीवाले कडुबा म्हणाले, बारीक का जाडं, सर? मी डब्याचे झाकण उघडून आत पाहिले. मागे चार बाया उभ्या होत्या. एक म्हणाली, लेकराला पाठवल्यावानी करतात मास्तर. कडुबा म्हणाले, ऱ्हाऊ द्या, बाईंचं मला ठावं हाय, चौदा वर्सं दळतो. मग पट्टा चालू करताना म्हणाले, मागल्या खेपेला डबा लई जड झाला त्यांना, पायरीवर बसल्या व्हत्या घडीभर.

पीठ घरी आणले. ते बारीक आहे की जाड, हे मला अजूनही सांगता येत नाही.
नोंदीच्या शेवटी विद्यार्थ्यांसाठी एक सोपी चाचणी जोडत आहे. आपल्या घरचे दळण बारीक असते की जाड, ते एका शब्दात लिहा. वेळ एक मिनिट. फोन करून विचारण्यास हरकत नाही; तो उचलला जातो का, हाही चाचणीचाच भाग समजावा.