आई कोणाच्या फॉर्मात?

धाकट्या, ताईचा आशीर्वाद घे आणि आधी ऐक.

इन्कम टॅक्सचे फॉर्म भरायला शिकवणाऱ्या त्या कालच्या पोरीने आज भर वर्गात माझ्या फॉर्मवरून आईचं नाव खोडलं! सरावाला आपापल्या घरचा फॉर्म भरायचा होता. मी आईला माझ्यावर अवलंबून लिहिलं, तर म्हणते, "मावशी, आई तुमच्याजवळ राहतात का?"

"भावाकडे. पण औषधं मी पाठवते."

"मग भाऊच दाखवेल. एक आई दोघांच्या फॉर्मात चालत नाही."

शेजारचा रिटायर कंडक्टर हसला. त्याला गप्प केलं, पण तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

आईचा गुडघा कसा आहे? फोनवर नुसतं "बरं आहे" म्हणते. माझी नवी खोली तळमजल्यावर आहे, जिन्याची कटकट नाही. माझ्याकडे येतेस का, हे तिलाच विचार, बायकोला नको. रविवारच्या आत उत्तर हवं.

तुझी ताई