दगडापर्यंतची फेरी

गुरुवार, ८ जानेवारी

सुरभीला काम मिळालं! खाडीच्या बांधाजवळ पाखरं बघायचा मनोरा होणार आणि त्याचा नकाशा काढणार कोण — माझी नात! पहिलंच काम तिचं. शेजारची पुतळी म्हणते, "पाखरं बघायला मनोरा? जन्मभर डबे वाजवून हाकलली ना गो आपण!" म्हटलं, तू हाकल, माझी नात बघंल. लेकाला, निकेशला, पेढे आणायला पेणला पाठवला, तर हा बाबा पोरीच्या आनंदात बर्फी घेऊन आला. असू दे. निम्मी मीच खाल्ली.

शनिवार, १० जानेवारी

ओटीवर नुसता पसारा. उदबत्तीच्या काड्यांचा मनोरा केलाय सुरभीने. सिमेंट अजिबात नाही. बांबू आणि ऐनाचं लाकूड, सगळे सांधे सुटणारे. उद्या खाडीला नको झाला तर उचलून न्यायचा, मागे खूणसुद्धा राहणार नाही, म्हणते. एका वेळी दहाच माणसं वर. मी म्हटलं, काथ्या भिजवून बांध, वाळला की आवळतो. शेतात राखणीचा माळा आम्ही तसाच बांधायचो. तर तिने ते वहीत लिहून घेतलं! चौथी नापास बाईचं! वर म्हणते, "आजी, तू माझी इंजिनेर." दिवसभर हसू येत होतं. त्या नादात वालाची भाजी करपली.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर दोघी बांधावर गेलो. उघाडीपासून — भरतीचं पाणी अडवायचं दार ते — चालत चालत पार मधोमध आलो. तिथे तिवरं विरळ आहेत. समोर उघडी खाडी, धरमतरकडे चाललेला बार्ज, चिखलात गुलाबी रोहित पक्षी उभे. सुरभी नाचायचीच बाकी होती. "आजी, हीच जागा! जमीन घट्ट हाय ना गो?"

मी व्हय म्हटलं.

गुरुवार, १५ जानेवारी

का म्हटलं मी व्हय!

रविवार, १८ जानेवारी, अमावस्या

आज उधाण. पाणी बांधाला लागलंय, इथून आवाज येतो. लिहूनच टाकते. तोंडाने कधी बोलले नाही, ह्यांच्याजवळसुद्धा नाही, आणि आता ह्यांना जाऊनही नऊ वर्षं झाली.

आमच्याकडे बांध सगळ्या गावाचा. जी घरं मिळून तो राखायची ती जोळ. उधाण यायच्या आधी जोळीतल्या दोन घरांनी बांध चालून बघायचा. एकाने उघाडीकडून निघायचं, दुसऱ्याने मिठागराकडून. मधे एक दगड होता, त्याला हात लावायचा आणि परत. वाटेत खेकड्याचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा कोंबायचा. बोटाएवढं बीळ असतं, पण उधाणाला तेवढं पुरतं.

बेचाळीस वर्षं झाली. त्या वेळी पाळी आमची. ह्यांना ताप, म्हणून मी गेले. मिठागराकडून दुसऱ्या घरचे जनूभावजी निघाले. पण मला पेण गाठायचं होतं, भावाच्या लग्नाची लुगडी घ्यायची होती, आणि एस.टी. एकच. दगड समोर दिसत होता. पन्नास पावलं असतील. तिथूनच वळले! हिरवं लुगडं घेतलं, जरीच्या काठाचं. दुकानदाराने दहा रंग दाखवले, पण मला हिरवाच.

तिसऱ्या दिवशी बांध फुटला. खांड पडली, बैलगाडी जाईल एवढी. पाण्याने दगडही नेला. मग कुणाच्या बाजूला फुटलं, कोण सांगणार? जनूभावजी म्हणाले, "मी दगडाला हात लावून आलो." मी म्हटलं, मीपण. आमचे हे जोळीचे पंच, माझ्या शब्दाला वजन. जनूभावजींना जोळीतून काढलं. त्यांचं शेत तिथेच खाली. तीन वर्षं खारं पाणी मुरलेलं, पेंढासुद्धा झाला नाही. शेवटी रोह्याला गेले, कंपनीत लागले. त्यांची बायको इंदुबाई माझी मैत्रीण. जाताना दारात आली. "हौसा, तू तरी सांग ना गो सगळ्यांना, हे खोटं बोलत नाय."

मी तांदूळ निवडत बसले. मान वर केली नाही.

मागच्या शिमग्यात जनूभावजी गेले. मी भेटायलाही गेले नाही.

शनिवार, २४ जानेवारी

बांधावर लाल फिती लावल्या सुरभीने. मनोऱ्याचा एक पाय बरोबर जुन्या खांडीवर! वरून बांध सगळा सारखाच दिसतो. पण खांड बुजवताना आत आम्ही पेंढा, काटे, फुटकी होडी, हाताला लागेल ते कोंबलं होतं. ते कुजलं असणार. विचारलं, माती तपासली का गो? तर म्हणाली, "दोन जागी तपासली. इथली आजीने सांगितली म्हणजे बस."

मंगळवारी खणायला माणसं येणार. मनोरा झाला की पहिली चढणार तीच.

रविवार, २५ जानेवारी

सांगितलं. पन्नास पावलं, लुगडं, सगळं. सुरभी जेवत होती. घास हातातच राहिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. निकेश म्हणाला, "जाऊ दे ना आई, किती वर्षं झाली त्याला." सुरभी त्याला म्हणाली, "बाबा, मनोरा मी हलवीन. तेवढंच नाय ना हे." मग माझ्याकडे बघून — "इंदुआजी रोह्यालाच हायत ना अजून?"

आज मला आजी म्हणून हाक मारली नाही तिने. एकदाही नाही.

मंगळवार, २७ जानेवारी

मनोरा उघाडीच्या अंगाला सरकला. माती तपासून घेतली. खाडी तिथून थोडी कमी दिसते.

शनिवार, ३१ जानेवारी

सुरभी सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं. एकटीच गाडीने रोह्याला गेले. इंदुबाई वाळली आहे पार. मला बघून उठली, पाणी दिलं, "किती वर्षांनी गो हौसा!" मी पाणी न पिताच सगळं सांगितलं. इंदुबाई म्हणाली, "हे आधी रोज भांडायचे, मी दगडाला हात लावला म्हणून. मग हळूहळू म्हणायला लागले, माझ्याच नजरेतून सुटलं असंल बीळ. मरेपर्यंत तेच. म्हणायचे, हौसावहिनी खोटं बोलायची नाय."