बैलाच्या नाकातला निरोप

बाबा, गोठ्यातला बैल घोरतोय. तुमचा नव्हे, तो तर कधीच गेला. हा दुसरा, पण नाकातला आवाज अगदी तोच. झोपेत घोरतो, चालता चालताही घोरतो. ऐकलं की तुम्ही डोळ्यांपुढे येता. मी वेसण धरून उभी आहे, तुम्ही त्याच्या नाकपुडीत तंबाखूचं पाणी सोडताय. आई चुलीपुढून ओरडून सांगते, नजर लागलीय, मिरच्या ओवाळा. बैल शिंकतो, तुमचं तोंड भरतं आणि आपण दोघं पोट धरून हसतो. दुपारी त्याला थंडावा म्हणून तुम्ही ओढ्याच्या डोहात डुंबायला नेता.

आता तुमची नात, धाकट्याची मुलगी, सांगते की तो डोहच नडला. पाण्यातल्या गोगलगाईंतून बारीक जंत सुटतात, बैलाच्या कातडीतून आत शिरतात आणि नाकाच्या शिरांत घर करतात. तुम्ही मायेनं न्यायचात, तिथंच. तिनं बैलाचा शेंबूड काचेवर घेतला, महाडला कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मला दाखवला. विळ्यासारखं वाकडं अंडं. नाकात गाठी होतात त्या या अंड्यांनी, म्हणाली.

इथवर कळलं. पुढचं ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. या जंतांतला नर मादीला अंगाच्या खोबणीत धरून ठेवतो म्हणे. तो भेटला नाही तर मादी जगते, पण अंगानं लहानच राहते, अंड्यावर येतच नाही. मला तुमचं बोलणं आठवलं. सव गावचं स्थळ मी नाकारलं तेव्हा ओटीवर तुम्ही म्हणाला होतात, "पुरुषाबिगर बाई कच्चीच राहते गो." एवढंच बोललात आणि जेवायला आला नाहीत. चौथीत शाळा सुटली तरी मिळेल तो कागद वाचत मी म्हातारी झाले, गुरं सांभाळली, भावाची पोरं वाढवली, आणि तुमचं ते वाक्य खोटं ठरलं असं धरून चालले होते. आता शिकलेली पोर तेच सांगायला लागली.

तिला हे बोलून दाखवलं तर हसायलाच लागली. "आत्या, तू काय जंत हायस?" मग समजावलं. नराच्या अंगात एक इवलासा रेणू तयार होतो, तोच मादीच्या पेशींना निरोप देतो की आता वयात ये. या जंताच्या भावकीतला दुसरा एक जंत आहे, त्याच्या माद्यांना शास्त्रज्ञांनी बशीत नुसता तो रेणू दिला. नर जवळ नसताना त्या वाढल्या, अंडीही घातली. म्हणजे नर नको, निरोप पुरे. तो निरोप आपल्या बैलातल्या जंतातही असाच जातो का, आणि अडवता येतो का, हे तिला शोधायचंय. अंडी नाहीत तर गाठी नाहीत. त्यासाठी पुण्याला तिची निवड झालीय.

आणि इकडे धाकट्यानं महाडचं स्थळ ठरवत आणलंय. मुलाच्या गाड्या कशेडी घाटातून धावतात, घर चांगलं आहे. लग्न झालं की पुणं संपलं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलंय. "ताई, तुझंच ऐकते ती, तू सांग तिला," म्हणून रोज फोन. काल पोरीनंही विचारलं, आत्या, तुला काय वाटतं? मला काय वाटतं हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मी उगीच तांदूळ पाखडत बसले. बशीतल्या मादीकडे बघू की तुमच्या वाक्याकडे? तुम्ही चुकलात म्हणू, तर बैलाचं नाक तुमच्या बाजूनं साक्ष देतं. बरोबर म्हणू, तर ती बशी आड येते. आणि मुळात जंतावरून बाईचं ठरवणारी मी कोण?

आज सकाळी धाकट्याला सांगितलं, पाहुण्यांना नको म्हणून कळव, पोर पुण्याला जाईल. तो म्हणाला, "आणि तुझ्यासारखी राहिली म्हणजे?"

फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. तुमच्यापर्यंत पोचायचं नाही म्हणूनच लिहिते, बाबा. सवचा तो मुलगा मला आवडला होता. तरी मी नाही म्हटलं. तुम्हाला वाटलं मी हट्टी, आईला वाटलं मी घाबरले. का म्हटलं, ते मला आजही ठाऊक नाही.