अंतराळात वजनमापे खातं

साडूभाऊंच्या सेवेशी,

तुम्हाला आणि ताईंना कोपरापासून नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण दुकानात वॉश-बेसिनची खोकी उचलताना कमरेत उसण भरली. तूर्त एवढ्यावर भागवून घ्या.) तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. सासरेबुवांच्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं, नवा चष्मा मिळेपर्यंत वाचायचं नाही एवढंच पथ्य आहे. आता तुम्हाला वाटेल, वाचायचं नाही हे काय पथ्य झालं? तर त्या पथ्यानेच माझी पार दाणादाण उडवली आहे, आणि तेच सांगायला बसलो आहे.

भाचीने आमच्या कन्येला वाचायला दिलेल्या कादंबऱ्या मुलांच्या हाती देण्याजोग्या आहेत का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी नळ-बेसिनं विकणारा माणूस, पण सगळ्या वाचल्या. एकूण मत असं झालं की जगाचं काही खरं नाही. पहिल्या पानावरच पृथ्वीचा निकाल लागलेला असतो. उरलेली माणसं कुठे समुद्राखाली राहतात, कुठे चंद्राच्या पोटात. एकीत तर अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कपाटात झोपवून ठेवलं आहे, कारण मोठी माणसं फार वाद घालतात. (कन्येला यात काहीच वावगं वाटलं नाही.) दुसरीत एका यंत्रमानवाला भावना फुटतात आणि तो बंद व्हायला नकार देतो. आमच्या दुकानातला संगणक चालू व्हायला नकार देतो, त्याच्यावर कोणी कादंबरी लिहीत नाही. जग वाचवायचं काम बहुतेक सोळा-सतरा वर्षांच्या मुलीकडे असतं. तिचे आईबाप सुरुवातीलाच गेलेले किंवा कैदेत, त्यामुळे जेवलीस का म्हणून विचारायला कोणी नाही. ही मुलगी एका हाताने यान चालवते आणि दुसऱ्या हाताने सम्राटाला पाणी पाजते. आमची त्याच वयाची, पण ओला टॉवेल उचलायला चारदा सांगावं लागतं. बरं, शेवट म्हणावा तर तोही नाही. ऐन धुमश्चक्रीत पान संपतं आणि खाली छापलेलं असतं की पहिला भाग समाप्त.

हे सगळं मी वाचलं ते सासरेबुवांमुळे. त्यांचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगायचा? जन्मभर वजनमापे निरीक्षक, बाजारात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग स्वतःचा घाम. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी दोनच विषयांवर बोलत आले आहेत, पेपर कुठे आहे आणि दार नीट लावलंत का. वाचन बंद झाल्यावर ते घरभर येरझाऱ्या घालायला लागले, तेव्हा बायकोने भाचीच्या पुस्तकांतलं सगळ्यात जाडजूड पुस्तक माझ्या हातात कोंबलं आणि मला त्यांच्यासमोर बसवलं. पिढ्यानपिढ्या आकाशात चाललेल्या एका यानाची ती कथा होती.

पहिल्याच संध्याकाळी घात झाला. नायिका आणि इंजिनखोलीतला एक पोरगा खिडकीशी उभे, बाहेर तारे, आणि लेखकाला दुसरं काही सुचेना. आता मला सांगा, समोर सासरा, मागे अभ्यासाचं सोंग घेतलेली मुलगी, अशा वेळी माणसाने 'चुंबन' हा शब्द कुठल्या तोंडाने वाचायचा? दुकानात जे रोज बोलतो तेच तोंडातून बाहेर पडलं. मी वाचलं, 'इतक्यात वरचा पाइप गळू लागला. दोघांनी मिळून वॉशर बदलला.' सासरेबुवांनी मान डोलावली. मी सुटलो म्हणालो, पण कसला सुटतोय? त्या दोघांना पुस्तकभर दुसरा उद्योगच नाही! प्रकरणागणिक गळती. एकदा प्रकार दीड पान चालला तेव्हा मला अख्खी लाइन उखडावी लागली. काम झाल्यावर दोघांना धाप लागलेली असते, ती मात्र मी तशीच ठेवली. शेवटी सासरेबुवांच्या कपाळाला आठी पडली. इतकं गळकं यान पास केलं कोणी, आणि ठेकेदार मोकळा कसा, असं त्यांनी विचारलं. मग मला ठेकेदार आणावा लागला, त्याला पकडावं लागलं आणि त्याच्यावर खटलाही भरावा लागला.

पण खरी पंचाईत पुढेच होती. यानात कशालाच वजन नसतं, असं एका ठिकाणी आलं (हे खरोखरच छापलेलं आहे). सासरेबुवांनी मला थांबवलं.

"वजनच नाही, तर तिथला दुकानदार साखर कशी मोजून देतो?"

तसं काही दिलेलं नाही, म्हणालो. पुढे बघा, म्हणाले. पुढेही नव्हतं. त्यांनी त्या दिवशीचं वाचन तिथेच बंद केलं. सकाळी त्यांनी बायकोला हळूच सांगितलं की पुढच्या काळात आपलं खातंच दिसत नाही. साडूभाऊ, मला वाईट वाटलं. ज्या माणसाने आयुष्यभर कुणाला चिमूटभर कमी मिळू दिलं नाही, त्याला असं परस्पर भविष्यातून काढून टाकणं बरं नव्हे.

त्या संध्याकाळी यानात एक म्हातारा वजनमापे निरीक्षक दाखल झाला. माझ्या तोंडून. वजन नसताना माप कसं घ्यायचं ते मला कुठलं माहीत, पण दुपारभर विचार करून सासरेबुवांनीच तोड काढून ठेवली होती. पिशवी स्प्रिंगला लावायची आणि हलवायची, जितका माल जास्त तितकी ती सावकाश हलते. तेव्हापासून निरीक्षकाने यानात धमाल उडवली आहे. खोट्या स्प्रिंगा जप्त केल्या. सम्राटाचा इंधनडेपो मापात खोट म्हणून सील केला, त्यामुळे युद्धच बंद पडलं. नायिका आता त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. कन्या अभ्यास सोडून आमच्यात येऊन बसते. तिने मूळ पुस्तक वाचलं आहे, पण चहाडी करत नाही. आणि सासरेबुवा मी दुकानातून यायच्या आधीच खुर्ची ओढून तयार असतात. इतक्या वर्षांत माझी वाट कोणी अशी पाहिली नव्हती (बायकोला हे दाखवू नका). खरं सांगतो, मला ते आवडायला लागले आहेत.

आता शनिवारी चष्मा मिळणार. निरीक्षकाची प्रकरणं आधी स्वतः वाचून काढीन, असं त्यांनी जाहीर केलं आहे. पुस्तकात निरीक्षक नाही, ठेकेदार नाही, एक नळ गळत नाही, आणि मी गिळलेली चुंबनं तेवढी जागच्या जागी आहेत. माझ्याबद्दल त्यांचं नुकतंच कुठे बरं मत झालं होतं. तेव्हा तुमच्या पाळीला रविवारी नेण्याऐवजी त्यांना शुक्रवारीच घेऊन जा. पुस्तकं मी वेगळी पोचवतो, ती माळ्यावर टाका आणि हरवली म्हणून सांगा. एवढे उपकार करा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुस्तकं मुलांना खुशाल द्या. मोठ्यांनी मात्र ती मोठ्याने वाचू नयेत.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि चष्मेवाल्याने चष्मा आजच पाठवला. मी घरी आलो तर सासरेबुवा खुर्चीत, नाकावर चष्मा, मांडीवर पुस्तक. बरंच वाचून झालेलं दिसत होतं. मी चपला हातात घेऊन दारातच उभा. त्यांनी पुस्तक मिटलं, तळहातावर ठेवून जरा वरखाली केलं.

"पुस्तक मापात कमी भरतंय," ते म्हणाले. "निरीक्षक पुरताच गाळलाय, आणि भलतंच घालून भरती केलीय. असला माल मी चालू देत नसे." मग चष्मा काढून डबीत ठेवला. "तुमचंच बरोबर आहे, जावईबापू. बसा, वाचा."

ता. क. ३. तेव्हा शुक्रवारी येऊ नका. रविवारीही नको. तुमची पाळी आम्हीच घेतली असं समजा. भाचीकडे दुसरा भाग असला तर पाठवा, नसला तरी अडत नाही. मला हातात धरायला कुठलंही जाड पुस्तक चालेल.