बेटावरच्या घरातली कमान

७ मार्च
घर घेतलं! तारांतो शहराच्या जुन्या गावात, बेटावर, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत. तीन मजले, गच्चीवरून समुद्र. माझी बायको मिम्मा आत यायला तयार नाही. दारातूनच म्हणाली, आतून गार वारा येतोय, आणि खिडक्या तर सगळ्या बंद. मी म्हणालो, नॅचरल एसी.
संकल्प: ऑगस्टच्या आत काम पूर्ण. रिटायर झालेल्या पी.टी. मास्तरला शिस्त कुणी शिकवू नये.

११ मार्च
वारा कुठून येतो ते सापडलं. तळघराच्या खाली आणखी एक तळघर आहे, दगडात कोरलेलं. त्याच्या खाली काय आहे ते टॉर्चने दिसत नाही. खडा टाकून पाहिला. पडल्याचा आवाज आला नाही. एवढं स्टोरेज नव्या गावात कुणाकडे आहे?

१९ मार्च
शेजारीण भेटली. दोन्ना रोक्कीना, ऐंशीच्या पुढची, एकटी. भिंतीला भिंत. लग्न होऊन त्या शेजारच्याच घरात आली, नवराही तिथेच वारला. कॉफी फर्स्ट क्लास. मग म्हणाली, मास्तर, काय हवं ते करा, पण तुमच्या खालच्या मजल्यावरच्या कमानीला तेवढा हात लावू नका. माझं स्वयंपाकघर तिच्याच खांद्यावर बसलंय.
म्हातारी माणसं भित्री असतात. कमान गेली तर हॉल केवढा होईल!

२ एप्रिल
मेहुणा कोसिमो येऊन गेला. इंजिनिअर आहे, त्यामुळे त्याला सगळीकडे धोकाच दिसतो. जिन्याजवळच्या भेगेवर काचेची पट्टी चिकटवून गेला. म्हणाला, दाजी, भिंत हलली तर ही तडकेल. तडकली की सरळ बाहेर या आणि मला फोन करा.

५ एप्रिल
काच तडकली. हल्ली कशालाच क्वालिटी राहिली नाही. जाड काच आणून लावली.

२१ एप्रिल
गवंड्यांनी कमान बघितली, छातीवर क्रूस काढला आणि जेवायला गेले ते परत आलेच नाहीत. कामचुकार. दुसरे मिळाले. ते काही विचारतच नाहीत. असे हवेत.

२८ एप्रिल
कमान काढली. हॉल प्रशस्त! दुपारपासून भिंतीच्या आत कुणीतरी पीठ चाळतंय असा आवाज. उंदीर असणार. औषध आणायचं.

३ मे
दोन्ना रोक्कीनाचं दार लागेनासं झालंय. म्हणाली, कपाटातले पेले आपोआप किणकिणतात हो मास्तर, तुमच्याकडे काही चाललंय का? मी म्हणालो, छे, दक्षिणेचा दमट वारा सुटलाय, लाकूड फुगतं. कमानीचं सांगायचं राहून गेलं. हॉल रंगवून झाला की सरप्राइज देऊ.

६ मे
जाड काचही तडकली. काढूनच टाकली. सारखं तिकडे लक्ष गेलं की मनात नको ते येतं.

९ मे
घर पडलं. माझं अर्धं. तिचं पूर्ण.
ती बाजारात गेली होती म्हणून वाचली. अग्निशमनवाल्यांनी गल्लीला दोरी लावली. दोरीपाशी ती शिंपल्यांची पिशवी धरून उभी होती, पिशवीतून पाणी ठिबकत होतं. धूळ खाली बसेपर्यंत हलली नाही. मग मला म्हणाली, मास्तर, तुम्हाला लागलं नाही ना?
मिम्मा तिला नव्या गावातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आली. कोसिमोने विचारलं, दाजी, काच? मी म्हणालो, कुठली काच?

१२ मे
दोन्ना रोक्कीना माझ्या खोलीत. मी सोफ्यावर. पाठीला सोफाच चांगला. मिम्मा तिच्याशी बोलते, माझ्याशी नाही.
नवा प्लॅन: दोन्ही घरं मिळून एकदम बांधून काढायची. ड्रॉइंग उद्यापासून.

१५ मे
ड्रॉइंग नाही. तिने सकाळी विचारलं, मास्तर, घरी कधी जायचं? सगळं डोळ्यांनी बघूनही रोज विचारते.

१८ मे
आज पुन्हा विचारलं. मी म्हणालो, सोमवारी नक्की. ती म्हणाली, आज सोमवारच की.
कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन दाराशी बसली आहे. मिम्मा स्वयंपाकघरातून बघते आहे. मी मोजे घालतोय. सावकाश.